कोरी भिंत वाचणारे चौतीस जण

ज्या माणसाच्या डोळ्यांवर साठ प्रवाशांचे जीव अवलंबून असतात, त्याचे डोळे वर्षातून एकदा तरी तपासावेत, याबद्दल शासन, समाज आणि माझी आई यांचं एकमत आहे. किती वेळ तपासावेत, यावर माझ्या बाबांच्या डेपोत एकमत आहे: चहा निवायच्या आत.

बाबा कल्याण-टिटवाळा बस चालवायचे. (डेपोचं नाव सांगत नाही. बाबांना अजून तिथेच जायचंय.) ड्रायव्हर लोकांची तब्येत नेहमी उत्तम असते, कारण ते ती कुणाला दाखवतच नाहीत. छातीत दुखलं की गॅस. पाय सुजले की क्लच. शेवटच्या थांब्यावर संडास नाही म्हणून दिवसभर पाणी प्यायचं नाही, आणि मुतखडा झाला की म्हणायचं, उष्णता! अण्णा म्हणून सीनियर ड्रायव्हर आहेत. त्यांना कधीकाळी मिळालेली बीपीची चिठ्ठी लॅमिनेट करून डेपोत लावलीय. तिच्यावर एकवीस जण गोळ्या घेतात. पैकी नऊ जणांना बीपी असावं.

डोळे तपासायचा तक्ताही अण्णांनीच सगळ्यांकडून पाठ करून घेतलाय, आरतीच्या चालीत. न ग ट, प म र ख... शेवटची बारीक ओळ टाळ्यांवर. दरवर्षी तोच तक्ता येतो. त्यामुळे गेली अकरा वर्षं डेपोची नजर शंभर टक्के आहे.

यंदा मी आगाऊपणा केला. (आत्मविश्वास नवीनच आलेला, कुठेतरी वापरायला हवा ना!) बाबा समोरच्या बसचा बोर्ड मला वाचायला लावू लागले, तेव्हा त्यांना ओढत चष्म्याच्या दुकानात नेलं.

"संचू, चष्मा दिसला तर गेटवर बसवतील गं. स्टिअरिंग गेलं की माणूस गेला."

"चष्मा लावून पास झालात की कोणी नाही बसवत, बाबा. नियम वाचलाय मी. दोनदा!"

मग बाबांनी आठवडाभर चष्मा लावून, भीतभीत बस चालवली.

डेपोतल्या डोळे तपासणी शिबिराच्या दिवशी मी त्यांचा डबा घेऊन गेलेली. डॉक्टर आले, रजिस्टर आलं, हार आला. तक्ता टेम्पोत राहिला आणि टेम्पो गेला विठ्ठलवाडीला. कुणाच्या लक्षातच आलं नाही. डॉक्टर रजिस्टरात बघत होते, ड्रायव्हर भिंतीकडे. चौतीस जणांनी कोरी भिंत धडाधड वाचली. संदेशकाकांनी तर बारीक ओळसुद्धा.

पस्तिसावे बाबा. त्यांनी चष्मा पुसला, लावला.

"वाचा," डॉक्टर म्हणाले.

"साहेब, काहीच नाहीये."

मागून अण्णा कुजबुजले, "अरे भिवा, न ग ट! न ग ट!"

"खरंच नाहीये हो अण्णा. पोपडा आलाय नुसता. अन् एक पाल."

डॉक्टरांनी मान वर न करता लिहिलं: दृष्टी शून्य.

"अहो सर, भिंतीकडे बघा तरी!" मी ओरडले.

"बाळा," ते मायेने म्हणाले, "तपासणी भिंतीची नाही, ड्रायव्हरची आहे."

बाबा आता गेटवर बसतात. आत येणाऱ्या प्रत्येक बसचा नंबर लांबूनच बिनचूक वाचतात. कोणी विचारत नाही, तरी वाचतात. त्यांची बस संदेशकाकांना मिळाली. पहिल्याच दिवशी तुम्ही प्रवासी म्हणालात म्हणे, "बरं झालं, तो चष्मेवाला गेला. भीतीच वाटायची."

बरोबर आहे तुमचं. निर्धास्त बसा. समोर काही नसलं तरी तुमच्या ड्रायव्हरला ते स्वच्छ दिसतं. समोर काही असलंच, तर तेवढं मात्र तुम्ही ओरडून सांगा.