चाळीस पावलांवरचा बाक

व्यंकोबाराव हवेत बसतात. पहिल्यांदा पाहणारा माणूस त्यांना धरायला धावतो.

तंजावरच्या बायपासपलीकडं भातशेतं बुजवून आमचं नवं नगर वसलं, तेव्हा मधोमध बागेची जागा सोडली होती. बाग म्हणजे एक पाटी, एक जुना कडुलिंब आणि भोवती काटेरी झुडपं. त्या ओसाडीत हा सहा फुटी म्हातारा रोज संध्याकाळी अंगठ्याला टाच लावत चिमणीची पावलं टाकायचा. चाळीस झाली की गुडघे वाकवून हवेत बसायचा, उठायचा, तिथं वीट ठेवायचा. मग पुढची चाळीस.

"काय रायर, डोकं ठीक आहे ना?" कोणीतरी रावांना तमिळमध्ये विचारायचं.

"बाग करतों आहे, पा!" हे मराठीत उत्तर, 'पा' तेवढं तमिळ.

राव शाळेत भूगोल शिकवायचे. आमच्यासारखेच इथले मराठी. घरात मराठी, बाजारात तमिळ, रागात इंग्रजी. त्यांनी बागेसाठी कचेरीत अर्ज केला, तेव्हा कळलं की बाग यादीत आहे. "यादींत झाड उगवत नाहीं," म्हणत राव दारोदार निघाले.

मागण्याची रीतही त्यांचीच. "पैसा नको, वस्तू दे. मी कॉफी पितों, तोंवर विचार कर." मग टंब्लरमधली कॉफी वाटीत, वाटीतली टंब्लरमध्ये, अर्धा अर्धा तास. कॉफी निवायच्या आत माणूस कबूल व्हायचा. निवृत्त बस ड्रायव्हर सुंदरमनं असा एक बाक दिला. दातांच्या डॉक्टरनं एक बाक आणि एक दिवा दिला, कारण त्याच्याकडं राव दोनदा कॉफी प्यायले.

बाक मी घडवतो, सिमेंटचे. तिरुवैयारूला गवंड्याच्या हाताखाली वाळू चाळत सुरुवात केली, आज स्वतःचा कारखाना आहे. घासाघिशीत मला कोणी हरवलेलं नव्हतं. पाच घरांचे पाच बाक माझ्याकडं आले, तेव्हा रावांनी नवीनच काढलं.

"नेहमींपेक्षां दोन बोटं उंच हवेत."

"साचा बदलावा लागेल, राव!"

"मग बदल की."

बदलला. सहावा बाक मी माझ्यातर्फे द्यायचं ठरवलं. अट एकच, पाठीवर माझं नाव.

आमच्या मुलखात दान दिलं की नाव लागतंच. देवळातल्या ट्यूबलाइटवर देणाऱ्याचं, त्याच्या बापाचं, गावाचं नाव असं ठासून रंगवतात की उजेडाला बाहेर पडायला वाट उरत नाही. आणि मी जन्मभर बाकांवर दुसऱ्यांचीच नावं कोरली. एकदा माझं कोरलं तर काय बिघडलं?

"नाव बसलं तर माणूस कोठें बसेल?" राव म्हणाले.

"नाव पाठीवर आहे, राव!"

"मग पाठ कोठें टेकायची?"

"बरं, बारीक अक्षरात."

"नको."

"मागच्या बाजूला!"

"नको."

"नुसतं पहिलं अक्षर!"

राव कॉफी ओतत राहिले. "सेरी, बरं. मग बाक राहूं दे."

"राहू दे!" मी ओरडलो आणि बाक कारखान्याच्या अंगणात उपडा घातला. लोकांनी पुष्कळ समजावलं. मी ऐकणारा नव्हतो.

बाग उघडली त्या संध्याकाळी सगळं नगर हरभऱ्याचं सुंडल खायला जमलं. तेवढ्यात राव बायकोला घेऊन आले. कावेरीमामींना दोन वर्षांत कोणी ओट्याखाली उतरलेलं पाहिलं नव्हतं. गुडघे आखडलेले, आणि आठवण अशी की कालची गोष्ट आज उरत नाही. त्या अंगठ्याला टाच लावत, चिमणीच्या पावलांनी चालत होत्या.

ती पावलं मी ओळखली. हातातलं सुंडल हातातच राहिलं.

चाळीस पावलं, एक बाक. मामी बसल्या. बाक उंच, म्हणून उठतानाही जड गेलं नाही. "कोणीं दिला हा?" त्यांनी विचारलं. "सुंदरम ड्रायव्हरनं," राव म्हणाले. असे पाच बाक झाले. सहाव्या जागी नुसती वीट.

मामी थांबल्या. इकडंतिकडं पाहू लागल्या. त्यांचे पाय लटपटत होते. रावांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. गुडघे वाकवून सरळ हवेत बसले आणि मांडी थोपटून म्हणाले, "ये, बस."

आणि मामी बसल्या! सगळं नगर हसलं, मामीही लाजून हसल्या. रावांच्या पोटऱ्या मात्र थरथरत होत्या.

"अरे, बघताय काय! टेम्पो काढा! बाक आणा!" मी माझ्या माणसांवर ओरडलो. राग आला की मी ओरडतोच. तो कोणाचा आला होता, ते विचारू नका.

बाक येईपर्यंत डॉक्टरनं घरची खुर्ची आणली होती. बाक विटेच्या जागी बसला, मामी बाकावर बसल्या.

"कोणीं दिला हा?"

"रामोजीनं," राव मोठ्यांदा म्हणाले. "तिरुवैयारूच्या कोंडोजींचा मुलगा."

बाकावर नाव नाही ते नाहीच. माझी तक्रार अजून कायम आहे. पण मामींना कालचं उत्तर आठवत नाही, त्यामुळं त्या रोज विचारतात आणि राव रोज सांगतात. रोज संध्याकाळी सहाला, ती दोघं येतात तेव्हा, मला त्या बाकाजवळच्या कडुलिंबामागं काहीतरी काम निघतं.

परवा रावांनी माझ्या वडिलांचं नाव गाळलं.

"राव!" मी झाडामागून ओरडलो. "कोंडोजी राहिले!"

"सेरी पा, सेरी," म्हणत रावांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, बापाच्या नावासकट. मामींनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं आणि पहिल्यांदाच भेटल्यासारखं म्हणाल्या, "बाक फार बरा केलास रे. ये, बस."