चंद्रमोहनचा माइक कोण बंद करतं?

"आज चोर सापडला नाही, तर सॅक्सोफोन मोडून टाकीन आणि बटाटे लावीन!" रोझ हिलहून निघणाऱ्या व्हॅनमध्ये चढता चढता चंद्रमोहननं बायकोला बजावलं.

"कुठं लावाल?" वत्सला म्हणाली. "आपल्याकडे कुंडीसुद्धा नाही."

चंद्रमोहन सरकारी कचेरीत कारकून होता, पण ते सोमवार ते शुक्रवार. शनिवारी तो जॅझवाला! बोटीवरच्या एका वादकानं पोर्ट लुईत सोडून दिलेल्या रेकॉर्डी ऐकून ऐकून तो सॅक्सोफोन शिकला होता. त्याचं म्हणणं असं, की जॅझ ही खुर्चीत बसून दाढी कुरवाळत ऐकायची चीजच नव्हे. तो नाचणाऱ्यांच्या पायांशी वाढला. आपल्या बेटावरचा नाचाचा सेगा आणि जॅझ ही चुलत भावंडं आहेत, कुणीतरी त्यांची भेट घालून द्यायला हवी. ते कुणीतरी कोण, हे सांगायला नकोच!

पूर्वी तो नुसत्या छातीच्या जोरावर अख्खा मांडव भरून टाकायचा. मग एकोणऐंशी साली त्यांच्या बँडमधल्या नंदलालनं इलेक्ट्रिक गिटार आणली, आणि तिच्याबरोबर कपाटाएवढा अ‍ॅम्प्लिफायर. एक तार छेडली की शेजारच्या गावातल्या कोंबड्या उठायच्या! त्यापुढं सॅक्सोफोन म्हणजे लग्नघरातली म्हातारी आत्या. तोंड हलताना दिसायचं, ऐकू कुणालाच यायचं नाही. शेवटी चंद्रमोहनला एक माइक दिला आणि बँडमधल्या कृष्णदेवच्या घरच्या जुन्या वायरीनं त्याच अ‍ॅम्प्लिफायरला जोडला.

तिथून संशय सुरू झाला. सेगा वाजेपर्यंत माइक ठणठणीत. पण चंद्रमोहन रंगात आला, ठरलेली चाल सोडून जॅझच्या गल्लीबोळांत शिरला, की माइक मुका! दर शनिवारी! आणि दर वेळी मान वळवून पाहावं, तर नंदलालचा हात अ‍ॅम्प्लिफायरच्या बटणावर!

"जळतो तो माझ्यावर," चंद्रमोहन व्हॅनमध्ये कुजबुजला. "आज बघच. त्या बटणाला मी हळद फासणार. ज्याचं बोट पिवळं, तो चोर!"

वत्सलानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, नवऱ्याकडं पाहिलं आणि पुन्हा मिटलं.

व्हॅन नुव्हेल फ्रांस गावी पोचली. बँडमध्ये ड्रम वाजवणाऱ्या कृष्णदेवच्या बहिणीचं, निर्मलाचं लग्न होतं आणि आज तिची हळद होती. अंगणात बांबू आणि ताडपत्रीचा मांडव, म्हणजे तिथल्या बोलीत साल व्हेर, उभा होता. ग्रां बुआ गावाहून नवऱ्याकडची मंडळी उष्टी हळद घेऊन आली होती. त्यांच्यात पुढं होते नवऱ्याचे मामा, सत्यदेव. मिशा अशा, की त्यांच्यावर टॉवेल वाळत घालावा! ते हसलेले गावात कुणी पाहिले नव्हते.

कुणाचं लक्ष नाही असं बघून चंद्रमोहननं बटणाला हळद फासली. वादन सुरू झालं. सेगावर सगळा मांडव नाचू लागला. चंद्रमोहन रंगात आला, जॅझमध्ये शिरला आणि माइक मुका! त्यानं सॅक्सोफोन खाली ठेवला आणि पहिल्या मध्यंतरात सगळ्यांची बोटं तपासायला निघाला.

नंदलालची बोटं पिवळी. सापडला!

पण कृष्णदेवचीही पिवळी. वधूपिता हरिलालकाकांची तर कोपरापर्यंत. पुऱ्या तळणाऱ्या बायका पिवळ्या, सत्यदेवमामांची मिशी पिवळी, आणि वत्सलाचा गालसुद्धा पिवळा!

"अहो, हळदीचा कार्यक्रम आहे!" वत्सला म्हणाली. "हेच सांगणार होते मघाशी."

म्हणजे अख्खा गाव कटात होता! चंद्रमोहननं पुरावा हातचा जाऊ नये म्हणून माइक स्टँडवरून काढला, लांबलचक वायरीसकट काखेत मारला आणि कृष्णदेवला मांडवामागं केळीच्या झाडांत ओढत नेलं.

माइक चालू होता, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

इकडं मांडवात पाहुणे गारव्यात चहा पीत होते. अचानक अ‍ॅम्प्लिफायरमधून आवाज घुमला.

"कृष्णदेव, खरं सांग. हिचं कनेक्शन दुसरीकडंच आहे ना?"

कप होते तिथंच थांबले.

"दादा, हळू बोला!" हा नवरीच्या सख्ख्या भावाचा आवाज होता. "ती पहिल्यापासून अशीच आहे. जरा धक्का लागला की बिथरते."

"आणि हे तुम्ही लोकांपासून लपवलंत?"

"काय करणार? बाबांनाही ठाऊक आहे. नंदलालनं आजवर सांभाळली म्हणून निभावलं."

सगळ्या माना नंदलालकडं वळल्या. तो पुरी खात होता. पुरी तोंडात तशीच राहिली.

"आयो!" एक म्हातारी किंचाळली. आत निर्मलानं रडायला सुरुवात केली. हरिलालकाका मटकन खाली बसले. सत्यदेवमामा उठले. त्यांनी हळदीचं ताट उचललं आणि गरजले, "गाडी काढा रे! असल्या घरात आम्हाला सोयरीक नको!"

वत्सला केळीत धावली. "अहो, काय बोललात! सगळं बाहेर ऐकू आलं! लग्न मोडतंय!"

चंद्रमोहननं काखेतल्या माइककडं पाहिलं. त्याच्या तोंडचं पाणीच पळालं. तो मांडवात धावला, वायरीत अडकून गुडघ्यावर आपटला आणि तसाच सत्यदेवमामांच्या पायांशी सरकत आला.

"मामा, वायर! आम्ही वायरीबद्दल बोलत होतो! माझ्या माइकची वायर! पोरीचा काही संबंध नाही!"

"वायर बिथरते?"

"बिथरते मामा! दर शनिवारी!"

"मग दाखव," सत्यदेवमामा म्हणाले. ताट त्यांनी खाली ठेवलं नाही.

अख्ख्या मांडवासमोर चंद्रमोहन सॅक्सोफोन घेऊन उभा राहिला. ओठ सुकलेले, गुडघा सुजलेला. जन्मात पहिल्यांदा तो मनातून विनवत होता, की माइक बंद पडू दे! आणि माइक कसला बंद पडतोय! त्यानं एक चाल वाजवली, दुसरी वाजवली. आवाज खणखणीत. सत्यदेवमामांच्या भुवया चढत चालल्या. हरिलालकाकांनी डोळे मिटले. आत निर्मलाचं रडणं ऐकू येत होतं.

तिच्यासाठी तरी म्हणून चंद्रमोहननं डोळे घट्ट मिटले आणि जीव तोडून जॅझ धरला. खांदे हलू लागले, मान डोलू लागली, उजवा पाय ताल देऊ लागला. धप, धप, धप... आणि आवाज गेला!

"पडला! बंद पडला!" चंद्रमोहन आनंदानं ओरडला.

"अहो, पाय उचला," वत्सला म्हणाली.

"काय?"

"उजवा पाय. उचला आधी."

त्यानं पाय उचलला. बुटाखाली वायरीचा जोड होता. अ‍ॅम्प्लिफायर पुन्हा घूं घूं करू लागला.

"आता ठेवा."

ठेवला. शांतता.

सेगा वाजवताना हा खांबासारखा उभा असायचा. जॅझ अंगात आला की तेवढा हा पाय सुटायचा, आणि नेमका जोडावर पडायचा.

"नंदलाल," चंद्रमोहनचा आवाज खोल गेला होता, "मग तुझा हात बटणावर कशाला असायचा रे?"

"तुमचा आवाज वाढवायला, दादा," नंदलालनं पुरी गिळली. "अचानक जायचा ना! वायर मी पट्टी गुंडाळून ठेवली होती, म्हणून वाटायचं, तुमचाच दम संपला. विचारायची लाज वाटायची."

चंद्रमोहनला जमिनीनं पोटात घेतलं असतं, तर तो खुशीनं गेला असता. त्यानं नंदलालचा पिवळा हात दोन्ही हातांत धरला.

सत्यदेवमामा वाकले. त्यांनी स्वतःचा बूट जोडावर ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. मग त्यांच्या मिशा थरथरल्या आणि ते इतके मोठ्यानं हसले, की अ‍ॅम्प्लिफायर लाजावा! ताट हरिलालकाकांच्या हातात गेलं. निर्मला डोळे पुसत बाहेर आली.

"आता हे वाजव पुरतं," मामांनी फर्मावलं. "इतके दिवस अडलंय ते ऐकू तरी दे आम्हाला."

कृष्णदेवनं वायर खांबाला उंच बांधली. नंदलालनं आवाज पूर्ण सोडला. आणि चंद्रमोहननं जॅझ वाजवला, अखंड, पहिल्यापासून शेवटपर्यंत! आडव्या उड्या, उभ्या उड्या, सूर कुठून शिरला आणि कुठून निघाला, त्याचं त्यालाही कळेना. नाचायला उभ्या राहिलेल्या मंडळींनी आधी एक पाय उचलला, मग तो कुठं ठेवायचा ते कळेना, मग त्यांनी एकमेकांकडं पाहिलं. त्यानं घामाघूम होऊन डोळे उघडले, तेव्हा मांडवाचा मधला भाग रिकामा होता. सगळे केळीच्या पानांवर जेवायला बसले होते.

हरिलालकाका धावत आले आणि त्यांनी त्याला मिठीच मारली. "चंद्रमोहन, देवासारखा धावलास! संध्याकाळपासून बोलावतोय, एकजण नाच सोडून पानावर येईना! पुऱ्या थंड होत होत्या!"

"उद्या ग्रां बुआला आमच्याकडंही या," सत्यदेवमामा म्हणाले. "आमची पोरं तर नाचातून हलतच नाहीत."

वत्सला पदर तोंडाशी धरून दुसरीकडं बघत होती. चंद्रमोहननं सॅक्सोफोन पुसला, मान जरा ताठ केली आणि विचारलं, "पण मामा, माइकचा आवाज पूर्ण ठेवणार ना?"

"पूर्ण!" सत्यदेवमामा म्हणाले. "शेवटच्या पंगतीपर्यंत पोचला पाहिजे!"