दुसऱ्या दाराची कडी

अण्णांचे दात बाथरूममध्ये होते आणि बाथरूमचं दार आतून बंद होतं.

दात म्हणजे कवळी. रात्री ती पेल्यात घालून आरशाखालच्या फळीवर ठेवायची आणि सकाळी सगळ्यांच्या आधी उठून बसवायची, हा अण्णांचा शिरस्ता. बिनकवळीचे अण्णा जगात फक्त त्यांच्या बायकोने पाहिले होते, आणि त्या अवस्थेत ते तिच्याशीसुद्धा बोलत नसत, नुसत्या खुणा करत. आज मात्र भाषणाच्या धास्तीने पहाटेपर्यंत डोळ्याला डोळा लागला नव्हता, आणि लागला तो असा लागला की उठायला उशीर झाला.

धास्ती वाटावी असंच ते भाषण होतं. अण्णांनी सारी नोकरी ग्रंथपाल म्हणून केली, म्हणजे सारी नोकरी ओठांवर बोट ठेवून लोकांना गप्प केलं. आता त्याच वाचनालयात मुलांचा नवा विभाग सुरू होणार होता आणि दोन शब्द बोलायला त्यांनाच बोलावलं होतं. जिथे त्यांनी आयुष्यात मोठ्याने खाकरलं नव्हतं, तिथे माइकवर बोलायचं! महिनाभर ते रोज संध्याकाळी सुनेला भाषण म्हणून दाखवत होते. ती चहा पिता पिता सांगायची, "अण्णा, इथे जरा थांबा, इथे लोक हसणार आहेत." ती पहिल्या रांगेत बसणार, हे दोघांचं पक्कं ठरलं होतं. ती समोर दिसली की आपल्याला पुढचं आठवेल, अशी अण्णांची खात्री होती.

बाथरूमला दारं दोन. एक हॉलमध्ये उघडायचं, दुसरं मुला-सुनेच्या खोलीत. आत जाणाऱ्याने दोन्ही कड्या लावायच्या आणि निघताना दोन्ही काढायच्या, हा घराचा नियम. आणि दार वाजवायचं नाही, हा अण्णांचा. आंघोळ करणाऱ्याला आणि पुस्तक वाचणाऱ्याला हाक मारू नये, असं त्यांचं ठाम मत होतं.

आतून पाण्याचा आवाज येत होता. मुलगा असणार, असं धरून अण्णा तोंड मिटून हॉलमधल्या खुर्चीत बसले. बऱ्याच वेळाने मुलगा आला, पण तो बाहेरच्या दाराने.

"अण्णा, शर्टाला इस्त्री करून आणली. अजून आंघोळ नाही झाली तुमची? गाडी येईल आता."

मुलगा नाही म्हणजे ही असणार, असं अण्णांनी मनाशी म्हटलं. तेवढ्यात ही स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आली. अण्णांनी आधी तोंडाकडे बोट दाखवलं, मग बाथरूमकडे.

"भूक लागली? आंघोळ केल्याशिवाय काही मिळायचं नाही."

अण्णांनी कपाळाला हात लावला आणि पुन्हा बंद दाराकडे बोट केलं.

"अहो, मग सूनबाई असेल आत."

पण सूनबाईचा आवाज तिच्या खोलीतून येत होता. ती संगणकाच्या पोटात चालणाऱ्या प्रोग्रामांची डागडुजी करायची आणि घरूनच काम करायची. कंपनीची मोठमोठी मशिनं काही कारण नसताना मध्येच ढिम्म थांबत होती. त्यामागची चूक तिने शोधली होती आणि आज ती व्हिडिओ मीटिंगमध्ये मोठ्या साहेबांना दाखवायची होती. दारावर तिने कागद डकवला होता, 'मीटिंग चालू. शांतता राखा.' हा मजकूर पाहून अण्णांना कालच भरून आलं होतं.

घरात माणसं चार आणि चौघंही बाहेर. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. आत पाणी आपलं धो धो वाहत होतं.

"चोर तर नसेल?" आईने दबक्या आवाजात विचारलं.

"आई, चोर काय आंघोळीला येतो?"

"कोणी सांगावं? आपल्याकडे पाणी चांगलं येतं, हे सगळ्या गल्लीला माहीत आहे."

मुलाने नियम मोडून दार वाजवलं. उत्तर नाही. "तोडू का?" म्हणत तो खांदा सरसावून उभा राहिला. अण्णांनी घाईघाईने ओठांवर बोट ठेवलं. पलीकडे सुनेची मीटिंग चालू होती. तिने शांतता मागितली आणि ग्रंथपालाच्या घरात दार फोडलं, असं म्हणायची पाळी कोणावर येऊ नये.

अशा शांततेत सुनेचं बोलणं स्पष्ट ऐकू येऊ लागलं.

"सर, प्रोग्राम आत जाताना लॉक लावतो. काम सुरळीत झालं की काढतो, त्यात काही चूक नाही. पण काम चालू असताना मध्येच काही बिनसलं, तर तो या आडवाटेने घाईघाईत बाहेर पडतो आणि लॉक काढायचं राहून जातं." मग साहेबांचा प्रश्न ऐकून ती म्हणाली, "बाकीचे? बाकीचे शहाण्यासारखे वाट बघत बसतात सर. त्यांना वाटतं, आत कोणीतरी आहे. आत कोणीच नसतं."

अण्णा खुर्चीतून ताडकन उठले.

त्यांना सगळा उलगडा झाला. सकाळी सूनबाई आंघोळीला गेली, नळ सोडला, तेवढ्यात साहेबांचा फोन आला आणि ती आपल्या खोलीच्या दाराने धावत सुटली. हॉलकडची कडी राहिली ती राहिलीच. म्हणजे आत जायला आता वाट एकच, ती तिच्या खोलीतून. तीही बिनदातांनी, साहेबांच्या देखत जायची. अण्णा क्षणभर घुटमळले. मग तोंड घट्ट मिटून, खांद्यावरचा टॉवेल सावरून ते आत शिरले. सुनेच्या कानात इअरफोन होते. ती दचकून वळली, तशी अण्णांनी सवयीने ओठांवर बोट ठेवलं, तिच्या पाठीमागून, साहेबांसमोरच्या पडद्यावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत संथ चालत गेले आणि बाथरूममध्ये शिरून त्यांनी कडी लावली. दात बसवताना कोणी पाहू नये, एवढाच हेतू.

बादली केव्हाची भरून वाहत होती. अण्णांनी कवळी बसवली, आरशात दोनदा हसून पाहिलं आणि अंगावर भराभर तांबे ओतले. तेवढ्यात खाली गाडीचा हॉर्न वाजला.

"अहो, आली गाडी!" हॉलमधून हाक आली.

"आलो, आलो!" सकाळपासून पहिल्यांदाच अण्णांना तोंड उघडता आलं, आणि ते समोरचं दार उघडून हॉलमध्ये धावले. शर्ट चढवला, आणि मीटिंग मोडू नये म्हणून सुनेला हाक न मारताच तिघं गाडीत बसले.

भाषण छान झालं. मुलांना त्यांनी सांगितलं, "या खोलीत हवं तेवढं मोठ्याने वाचा. गप्प बसायचा सगळा कोटा मी तुमच्या वतीने संपवलाय." मुलं हसली, मोठी माणसंही हसली. सुनेने सांगितल्याप्रमाणे अण्णा बरोबर तिथे थांबले. पण पहिल्या रांगेतली तिची खुर्ची रिकामी होती, आणि टाळ्या वाजत असतानाही त्यांची नजर पुन्हा पुन्हा तिकडेच जात होती. मीटिंग आवरून, आंघोळ करून येते म्हणाली होती. काही बिनसलं तर नाही ना तिचं?

न राहवून त्यांनी कोपऱ्यात जाऊन फोन लावला.

"साहेब रागावले का गं? मी असा मध्येच आलो म्हणून?"

"छे हो! कोण होते ते, असं विचारलं. म्हटलं, हॉलकडची कडी माझ्याकडूनच राहिली, म्हणून या चुकीचं उदाहरण दाखवायला सासरे आले होते. खूप हसले, आणि दुरुस्ती लगेच मान्य केली. म्हणाले, बाहेर पडायच्या वाटा कितीही असोत, सगळ्यांनी लॉक काढूनच जायचं." मग तिने आवाज एकदम खाली आणला. "पण अण्णा, तुम्ही आतून फोन कशाला केलात?"

"कुठून आतून?"

"बाथरूममधून. मी केव्हाची टॉवेल घेऊन बसलेय. पाण्याचा आवाज येतोय, आणि दार वाजवायचं नाही, हा तुमचाच नियम. म्हटलं, भाषणाच्या दिवशी तरी म्हाताऱ्या माणसाला सावकाश आंघोळ करू दे."

अण्णांनी फोन कानाला घट्ट लावला. फोनमधून नळाची संततधार त्यांना स्वच्छ ऐकू येत होती.

"सूनबाई," ते हळूच म्हणाले, "हॉलच्या दाराने जा. आत कोणी नाही."

मग ती हसायला लागली ती थांबेचना, आणि कोपऱ्यात उभे असलेले अण्णाही सगळे दात दाखवून हसू लागले.

"म्हणजे... भाषण झालंसुद्धा?" हसू ओसरलं तसा तिचा चेहरा पडलेला त्यांना आवाजातच दिसला.

अण्णांनी वळून पाहिलं. मुलं अजून सतरंजीवर बसली होती, माइक चालू होता आणि पहिल्या रांगेतली खुर्ची तशीच रिकामी होती.

"नाही गं," ग्रंथपाल बेधडक खोटं बोलले, "अजून सुरूच कुठे झालंय? तू ये सावकाश. आणि निघताना..."

"काढते अण्णा, दोन्ही काढते."

अण्णांनी फोन खिशात टाकला, माइक हातात घेतला आणि खाकरून सगळ्या मुलांना पुन्हा खाली बसवलं.