भावकी नसलेलं क्रियापद

शिक्षकांचा क्रिकेटचा सामना होता. मी यष्टीमागे उभा. फलंदाज पुढे सरसावला, मी झटकन यष्ट्या उडवल्या आणि जोरात अपील केलं. पंच होते सोळंके सर. बोट वर करायचं सोडून ते माझ्यापाशी आले आणि म्हणाले, “तुला विकेटकीपर म्हन्त्यात ना? कीप म्हंजे राखनं. तू तर पाडायलायस!” फलंदाज बाद होता की नाही, ते शेवटपर्यंत ठरलं नाही.

सर इंग्रजीचे, मी गणिताचा. गंगाखेडात आमची घरं शेजारी. निवृत्तीनंतर सरांनी ‘कीप’ या एकाच क्रियापदाचा ध्यास घेतला. शब्द पाळला तरी कीप, म्हैस पाळली तरी कीप, गप्प राहिलं तरी कीप. “आन् भाजी टिकली, तरी कीपच!” हे त्यांनी भर बाजारात भाजीवालीला समजावलं. ती म्हणाली, “सर, मेथी घ्यायची का न्हाई?”

त्यांना खरा घोर होता तो या शब्दाच्या मुळाचा. “बाकी शब्दायची भावकी सापडती. जर्मनमधी चुलता, डचमधी पुतन्या. ह्याला कोनीच न्हाई. लय हुडकलं.” जुन्या इंग्रजीत म्हणे त्याचा अर्थ लक्ष ठेवणं, वाट बघणं असा होता. मी मान डोलवायचो आणि घरी येऊन हसायचो.

सरांची बायको जाऊन सहा वर्षं झाली. मूलबाळ नाही. घरात ते आणि त्यांच्या सासूबाई. जावयाच्या घरी सासू राहते म्हणून गल्लीत कुजबुज असायचीच. गेल्या महिन्यात चारठाण्याहून सासूबाईंचा पुतण्या त्यांना न्यायला आला. सरांनी मलाही बोलावून घेतलं.

“दाजी, लोक नावं ठिवायलेत,” पुतण्या म्हणाला. “आक्काच न्हाई, मंग काकूला कोन्या नात्यानं ठिवून घेतलं तुमी?”

सर मान खाली घालून बसले. मला त्यांचा रागच आला. एका शब्दावर तासभर बोलणारा माणूस, आता दातखीळ बसली होती का? शेवटी ते म्हणाले, “त्यायलाच इचारा.”

जावयासमोर सासूबाई कधी बसत नाहीत. त्या दाराआडूनच बोलल्या, “बाबा, लेक जाताना म्हनली व्हती, माय, ह्येंच्याकडं ध्यान दे. आन् मी त्येंला टाकून येऊ व्हय?”

सहा वर्षं आम्ही समजत होतो, सर सासूबाईंना सांभाळतायत. सरांनाही तसंच वाटत असावं. ते उठले, तोंड धुवायला मोरीत गेले, आणि नळ बराच वेळ चालूच राहिला.