कंट्रोलचे ससे

आमच्या चाचणीला फसवेल असा ससा अजून जन्माला यायचाय, असं मी पनवेलच्या आमच्या प्रयोगशाळेत सगळ्यांना सांगत सुटलो होतो!

मामला सोपा होता. फुप्फुसात एक बुरशी वाढते आणि वाढताना तिची साखर रक्तात विरघळते. ती सापडली की आमची पट्टी निळी होते. बुरशी दिलेल्या सशांची पट्टी निळी, धडधाकट सशांची पांढरी. सोमवारी इस्पितळाचे डॉक्टर हे बघायला येणार होते. त्यांना पटलं तरच माझी कंत्राटी नोकरी पुढे चालणार होती.

तुलनेसाठी ठेवलेल्या धडधाकट जनावरांना आमच्यात 'कंट्रोल' म्हणतात. मी मराठीचा अभिमानी! त्यांच्या पिंजऱ्यांवर ठळक देवनागरीत लिहिलं, 'कंट्रोल'.

शुक्रवारी रंगीत तालीम घेतली. आजारी सशांच्या पट्ट्या निळ्या झाल्या. कंट्रोलच्याही निळ्या!

मी तडक शेजारच्या उलव्याला दोष दिला. तिकडे एवढं बांधकाम चाललंय, धुळीतून बुरशी आली असणार! खिडक्या चिकटपट्टीने बंद केल्या, एसी उघडून धुतला, आणि आमचे साहेब, परेश सर, दारात शिंकले म्हणून त्यांना आतच घेतलं नाही. ते काचेपलीकडून शांतपणे म्हणाले, "प्रणित, सोमवारी हेच दाखवणार आहेस का?" पुन्हा रक्त तपासलं. पट्ट्या आणखी गडद!

शनिवारी सकाळी पडेल चेहऱ्याने पोचलो, तर सशांची देखभाल करायला नुकत्याच लागलेल्या कमळाबाई कंट्रोलच्या पिंजऱ्यापुढे मांडी घालून बसलेल्या. फडक्यातली शिळी तांदळाची भाकरी मोडून सशांना भरवत होत्या. मी विचारलं, हे काय चाललंय?

"तूच लिवलंस ना बाला, कंट्रोल," त्या म्हणाल्या. "मना वाटला, यांना कंट्रोलचा धान द्याचा हाय. आमच्या घरी कंट्रोलचा तांदूल हाय, त्याचीच भाकर आनली."

रेशनच्या दुकानाला अख्खा गाव कंट्रोल म्हणतो, आणि ते मी विसरलो होतो! भाकरी हुंगली. कुबट वास. बुरशी सशांच्या फुप्फुसात नव्हतीच, भाकरीत होती. तिची साखर पोटातून रक्तात गेली आणि पट्टी बिचारी इमानदारीत निळी झाली.

सोमवारी डॉक्टरांपुढे सगळं सांगून टाकलं आणि मनात सामान बांधायला घेतलं. त्यांच्यातल्या थोरल्या बाई आधी पोट धरून हसल्या. मग म्हणाल्या, "बरं झालं, सशांवरच कळलं. नाहीतर शिळं खाऊन आलेल्या माणसाला आम्ही फुप्फुसाची जहाल औषधं दिली असती." खाण्याचा परिणाम नीट तपासा, असं सांगून त्यांनी काम वाढवून दिलं. म्हणजे माझी नोकरीही!

कमळाबाईंना वाकून नमस्कार केला. तुमच्या भाकरीने कितीतरी माणसं वाचली आणि मीही वाचलो, असं म्हणालो. आता फक्त कंट्रोलला घरचं काही देऊ नका, एवढी विनंती केली. पुन्हा घोटाळा नको म्हणून पाट्याही बदलल्या: 'निरोगी' आणि 'आजारी'.

दुसऱ्या दिवशी बघतो तो काय! निरोगी सशांना कमळाबाईंनी बोटही लावलं नव्हतं. पण प्रत्येक 'आजारी' पिंजऱ्यात वाफाळत्या पेजेची वाटी!

"आजाऱ्याला भाकर कशी पचल, बाला?" त्या म्हणाल्या.

माझ्या टेबलावरही एक वाटी झाकून ठेवली होती.