दक्षिणेकडे पाठ

दगडूआप्पा जेवायला बसले की पाट फिरवून दक्षिणेकडे पाठ करत. दक्षिण यमाची म्हणून शहाणी माणसं तिकडे तोंड करून जेवत नाहीत, हे आम्हांला ठाऊक होतं. पण आप्पांचं यमाशी काही वाकडं नव्हतं. आमचं गाव तापीच्या उत्तरेला, गोमाई नदीच्या काठावर. आणि तापी ओलांडून दक्षिणेला गेलं की नंदुरबार लागतं. आप्पांची पाठ होती ती नंदुरबारला.

नंदुरबारला आगगाडी आली आणि आमच्याकडे आली नाही, हे त्या दुखण्याचं मूळ. रूळ पडले तेव्हा आप्पा तरणेताठे होते. आम्हां उत्तरेकडच्या लोकांना कापसाच्या गाड्या जुंपून, तापी उतरून त्यांच्या स्टेशनावर जावं लागे. 'त्यांच्या' हा शब्द आप्पा असा उच्चारत, की जणू स्टेशनमास्तरानं आमच्या अंगणातून रूळ उपसून नेले असावेत.

नंदुरबारचं कौतुक कोणी केलं, की आप्पांचं उत्तर ठरलेलं : "त्यामा काय इतलं!" त्यात काय एवढं! तिथं बाजार मोठा भरतो? त्यामा काय इतलं! तिथं गाडी शिट्टी मारते? "मन्हा पाडसबी मारस." आप्पांचं कोणतंही वासरू शिट्टी मारताना मी ऐकलेलं नाही, पण आप्पा माझे थोरले काका, तेव्हा बोलायची सोय नव्हती.

एकदा उन्हाळ्यात उखा गाडीवानानं त्यांना पारावर गाठलं. "आप्पा, नंदुरबारनी गाडी बाराही महिने धावस. तुम्हनी गोमाई ते आटी गयी!"

आप्पा शांतपणे म्हणाले, "आटत नही रे, माहेरले जास. मिरीगमा परत येस. तुन्ही गाडीले माहेर शे का?"

त्या दिवशी आप्पा दोन भाकरी जास्त जेवले. अर्थात दक्षिणेकडे पाठ करून.

नुसती आगगाडीच असती तर आप्पांनी कदाचित माफही केलं असतं. पण नंदुरबारनं त्यांचा भाऊ नेला होता. तिघा भावांतला मधला म्हणजे माझा बाप. तो आणि आई मी लहान असतानाच गेले, आणि बिनलेकराच्या आप्पांनी मला वाढवलं. धाकटा गोविंदकाका. तो स्टेशनाजवळच्या, कापसातून सरकी काढायच्या जिनात कामाला लागला आणि एके दिवशी बायकोला न्यायला आला. आप्पांना कोणी विचारलं नव्हतं. ते ओट्यावरून ओरडले, "जा! पन आजपासून तुन्हा रोट येगळा!"

"येगळा ते येगळा!" काका म्हणाला आणि गाडी जुंपली.

आमच्या खानदेशात भांडण झालं म्हणून घर फुटत नाही, शेत वाटलं म्हणूनही फुटत नाही. घर फुटतं ते रोट वेगळा झाला की. श्रावणात आमची देवी कानबाई घरोघर बसते. घरात जितके पुरुष, तितक्या सव्वा-सव्वा मुठी गहू घरच्या कर्त्यानं काढायचे, ते घरच्या जात्यावर दळायचे आणि त्याचे पुरणाचे रोट करायचे. ते खायचे फक्त घरच्यांनी. परक्याला तुकडा द्यायचा नाही, टाकायचा नाही, आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे. ज्याची मूठ त्या गव्हात पडते तो घरचा. बाकीचे पाहुणे.

त्यानंतर दोघे भाऊ बोलले नाहीत. आप्पा बातमी मात्र घेत. उखा कापूस टाकून आला, की त्याचे बैल सुटायच्या आत विचारत, "काय म्हनस तो तठला?" तठला, म्हणजे तिकडचा. काकाचं नाव ते घेत नसत.

"घरवर पत्रा टाकात त्यानी."

"त्यामा काय इतलं!" म्हणून आप्पांनी आठवड्याच्या आत आमच्या गोठ्यावर पत्रे टाकले. त्या वैशाखात आमचे बैल गोठ्याबाहेर उभे राहून माझ्याकडे असं बघत, की मी नजर चुकवून दुसऱ्या वाटेनं जाई.

पुढं एकदा उखा म्हणाला, "आप्पा, पोऱ्या व्हयना त्याले. तिसरा."

"त्यामा काय इतलं! मांजरलेबी व्हतस," आप्पा म्हणाले आणि उठून गेले.

आणि त्या श्रावणात आप्पांचं पोट नेहमीपेक्षा जास्त दुखलं. नेहमीपेक्षा म्हणतो, कारण कानबाईनंतर त्यांचं पोट दरसाल दुखेच. रोटांची एक चळत ते स्वतःपुढं ओढून घेत, कोणाला हात लावू देत नसत आणि पौर्णिमेपर्यंत सकाळ-संध्याकाळ कण्हत-कण्हत खात. मग हिंग, ओवा, पोटावर गरम फडकं. "नंदुरबारनी नजर लागनी," ते विव्हळत. माझा विश्वास बसे. मुळात मोजणं हा माझा प्रांत नव्हे. मी पहिल्यापासून खाण्याच्या बाजूचा.

मोजणारं माणूस माझ्या लग्नानंतर घरात आलं. शेवंता नंदुरबारची. आप्पांनी ही सोयरीक कशी मान्य केली, याचं गावाला नवल वाटलं. त्यांचा हिशेब सरळ होता : "त्यासनी मन्हा भाऊ लिधा, मी त्यासनी पोर लिधी. फिट्टमफाट!" माझं लग्न हा असा सूड होता. माझ्या बाजूनं तो आजही गोड चालू आहे.

सुनेनं सासऱ्याशी थेट बोलायचं नाही, अशी तेव्हाची रीत. म्हणून शेवंता पदर पुढं ओढून जात्याशी बोले आणि आप्पा ओट्याला बांधलेल्या बैलाला उत्तर देत. मी आणि बैल मधे गप्प उभे.

पहिल्याच कानबाईला तिनं दळण घेतलं आणि जात्याला म्हणाली, "काय माय, घरमा माणसं दोन. गहू ते सहा जनसना!"

आप्पा बैलावर खेकसले, "मन्ही मूठ मोठी शे! नंदुरबारना लोकसनी मुठी बारीक ऱ्हातस, त्यासले काय समजनार?"

जातं गप्प बसलं. पण रात्रभर शेवंतेचा मेंदू दळत होता. सहातून आम्ही दोघे गेलो, उरले चार. सकाळी ती मला हळूच म्हणाली, "काकासले पोऱ्या कितला?"

"तीन," मी म्हणालो, आणि जन्मात पहिल्यांदा बोटं मोजली. एक मूठ गोविंदकाकाची, तीन पोरांच्या. प्रत्येक बारशाला आप्पांची पोटदुखी वाढत का गेली होती, ते आत्ता कळलं. रोट वेगळा झालाच नव्हता. तो अख्खा राहावा म्हणून हा माणूस भावाच्या कुटुंबाचा वाटा एकटा खात होता.

तापीचा पूर ओसरल्यावर शेवंतेला माहेरी नेलं. आप्पांनी बजावलं होतं, "त्या तठलाकडे जाऊ नको, भावडू." त्यांनी नको म्हटलं, म्हणूनच मला पत्ता आठवला.

काका ओळख पटायलाच वेळ लागावा इतका सुटला होता. काकूनं पाट मांडला आणि भांडण काढलं, "सांग तुन्हा काकाले! दरसाल कानबाईना रोट खाई-खाई आजारी पडस. घरमा चार माणसं, अन् दोन मुठी जास्ती टाकस. कोनासाठे, इचार!"

"चूप बठ ना तू," काका म्हणाला. मग भिंतीकडे बघत, सहज म्हणून विचारलं, "आप्पाना बैल कसा शेतस?"

दोन मुठी. एक आप्पांची, दुसरी माझी. म्हणजे इतकी वर्षं मी दर श्रावणात दोन गावांत जेवत होतो, आणि तरी माझ्या अंगाला काही लागत नव्हतं!

घरी परतलो. आप्पा बैलाच्या पाठीला खरारा करत राहिले. एकच जागा, पुन्हा पुन्हा. शेवटी शेवंता जात्याजवळ बसली. दळण नव्हतंच, नुसता खुंटा धरून म्हणाली, "आयकं का माय, नंदुरबारवाला काकासनंबी पोट दुखस. दोन मुठी जास्ती टाकतस म्हने."

आप्पांचा हात थांबला. त्यांनी बैलाकडे पाहिलं. पण या वेळी बैल कामाचा नव्हता. ते वळले आणि पहिल्यांदाच थेट सुनेशी बोलले.

"दोनच?"

"हा, आप्पा."

"मी चार टाकस." नाक पुसलं, छाती काढली. "त्यामा काय इतलं! अन् त्यानी मूठबी धाकली शे. मन्ही मोठी शे."

दुसऱ्या दिवशी जेवायला बसताना त्यांनी पाट उलटा फिरवला आणि दक्षिणेकडे तोंड केलं. शेवंता घाबरली. जात्याकडे न जाताच म्हणाली, "आप्पा, तठे यम ऱ्हास ना."

आप्पांनी भाकरी मोडली. "यम पलीकडे ऱ्हास, पोरी. त्याना अलीकडे मन्हा भाऊ ऱ्हास."