एका जागी बदला, सगळीकडे बदलेल

सासूबाईंनी फोन नंबर बदलला आणि कैरवान शहराच्या पाणीखात्यातला कारकून नौफल याच्या डोक्यात क्रांती झाली.

नौफलने हौसेने सासरच्या मंडळींची वेबसाइट बनवली होती. सासूबाई लल्ला मब्रूका मकरूद करून विकत, म्हणजे रव्याच्या नि खजुराच्या तळलेल्या, पाकातल्या वड्या. त्यांचं एक पान. बायको सौसन गालिचे विणून घेऊन विके, तिचं दुसरं. मेहुणा लज़हर जुन्या मोटारी विके, त्याचं तिसरं. पानं तिन्ही वेगळी, पण फोन घरचा एकच. तो उचलायच्या सासूबाई, कारण घरात दुसऱ्या कुणी फोन उचललेला त्यांना खपत नसे.

नंबर बदलला तेव्हा नौफलने तो तिन्ही पानांवर बदलला. म्हणजे त्याला तसं वाटलं. मोटारींच्या पानावर बदलायचं राहून गेलं. जुना नंबर एका खाटकाला मिळाला आणि लज़हरच्या गिऱ्हाइकांना तो खाटीक 'मागचा भाग पाहिजे की पुढचा?' असं विचारू लागला. (त्यातला एक जण मागचा भाग घेऊनही आला म्हणे. चांगला निघाला.)

"आता बास!" नौफलने टेबलावर मूठ आपटली. "आता मी सगळं सामाईक करणार!"

"काय सामाईक करणार?" सौसनने विचारलं. ती लोकर गुंडाळत होती.

"सौसन, ऐक! वरची पट्टी, खालची पट्टी, फोन नंबर, फोटोच्या चौकटी, हे सगळं प्रत्येक पानावर परत परत कशाला लिहायचं? एकाच फाइलमध्ये लिहायचं आणि सगळ्या पानांनी तिथून उचलायचं! एका जागी बदललं की सगळीकडे बदललं! तू कुसकुस कसं करतेस? माणशी वेगळं पातेलं ठेवतेस का? एकच मोठं पातेलं, त्यातून सगळ्यांची ताटं!"

"आणि मीठ जास्त पडलं तर?"

पण हा प्रश्न नौफलच्या कानापर्यंत पोहोचलाच नाही. तो केव्हाच संगणकापुढे बसला होता.

तो गुरुवार होता, आणि गुरुवारी असली क्रांती करू नये एवढं साधं भान त्याला राहिलं नाही. कारण शुक्रवारी दुपारी धाकट्या मेहुणीला, इब्तिसामला, मागणी घालायला मंडळी यायची होती. मुलगा मेहरेज़ औषधांच्या दुकानात होता, शांत आणि देखणा. इब्तिसामच्या मनात तो कधीचा भरला होता. अडचण एकच, मुलाची आई ज़कीया. ती बाई डाळिंब घेतानासुद्धा दुकानदाराच्या आजोबांची चौकशी करते अशी तिची ख्याती. तिने निरोप धाडला होता, 'तुमची वेबसाइट आहे असं ऐकलं. येण्याआधी बघून घेऊ.'

"पोरा," सासूबाई नौफलला म्हणाल्या होत्या, "आमच्या घराचंही एक पान कर. सगळ्यांचे फोटो टाक. इब्तिसामचा तो निळ्या पोशाखातला टाक. खर्चाकडे बघू नको."

"खर्च नसतोच त्याला, लल्ला."

"तरी बघू नको."

म्हणून नौफलने कार्यालयातून अर्ध्या दिवसाची सुट्टी काढली आणि कामाला लागला. वरची पट्टी सामाईक झाली, खालची झाली. त्याने सामाईक फाइलमध्ये फोन नंबरचा रंग हिरवा केला आणि एकेक पान उघडलं. मकरूदच्या पानावर हिरवा! गालिच्यांच्या पानावर हिरवा! मोटारींच्या पानावर हिरवा! तो असा ओरडला की शेजारची म्हातारी भिंतीवरून डोकावून म्हणाली, "मुलगा झाला का?"

"त्याहून भारी, आजी!"

मग त्याने फोटोची चौकट घेतली. वर फोटो, त्याखाली नाव, त्याखाली दोन ओळी मजकूर. ही चौकट त्याने मोटारींच्या पानावर मन लावून घडवली. गोल कोपरे, मऊ सावली आणि बोट लावलं की किंचित वर उचलली जायची. मग ती उचलून त्याने सामाईक फाइलमध्ये टाकली आणि घराच्या नव्या पानासकट चारही पानांना जोडून दिली. प्रत्येक पान आपापले फोटो आणि आपापली नावं तिला देत होतं. मजकूर तेवढा चौकटीच्या आतच लिहिलेला राहिला.

हे त्याच्या लक्षात आलं नाही. तो कोपरे बघत होता. (ज्याने आयुष्यात पहिल्यांदाच कोपरे गोल केलेत, त्याला मजकूर दिसत नसतो.) त्याने चारही पानं वरून खाली भरभर फिरवली, स्वतःचीच पाठ थोपटली आणि ज़कीयाबाईंना आपल्या हाताने वेबसाइटचा दुवा पाठवून दिला. वर लिहिलं, 'आमचं कुटुंब जसं आहे तसं.'

पहिला फोन सासूबाईंनी उचलला.

"हॅलो... हो, मकरूद माझेच... काय? ...नाही हो, लगेच खायचे असतात. सुरू कसले व्हायचे? ...आवाज? मकरूदला कसला आवाज येणार? ...हे बघा, दात नसतील तर तसं सांगा!"

त्यांनी फोन आपटला. तो लगेच पुन्हा वाजला. आता सौसनचं गिऱ्हाईक होतं, गालिच्यावर बसून चक्कर मारून मिळेल का, असं विचारत होतं. आणि तेवढ्यात आतल्या खोलीतून इब्तिसामची किंकाळी ऐकू आली.

ती हातात मोबाइल नाचवत बाहेर आली. निळ्या पोशाखातला तिचा तो सुंदर फोटो, खाली सुबक अक्षरांत तिचं नाव आणि त्याखाली दोन ओळी:

'रंग नुकताच दिलाय. सुरू व्हायला वेळ लागतो, आवाज जरा मोठा, पण लांबच्या पल्ल्याला दणकट. चक्कर मारून बघा. पसंत न पडल्यास आठ दिवसांत परत.'

"रंग दिलाय?" इब्तिसामचा आवाज चिरकला. "माझ्या तोंडाला रंग दिलाय?"

"थांब, थांब," नौफल घाईने म्हणाला, "हे काही फक्त तुझ्याच खाली नाहीये." त्याने पान खाली सरकवलं. सासूबाईंच्या फोटोखालीही तोच मजकूर होता.

सासूबाईंनी चष्मा लावला. वाचलं. "आवाज मोठा? माझा? माझा आवाज मोठा?"

शेजारच्या म्हातारीने पुन्हा भिंतीवरून डोकावून विचारलं, "मला हाक मारलीत का?"

"ज़कीयाबाईंनी अजून बघितलं नसेल!" नौफल संगणकाकडे धावला. "एका जागी बदलतो, लगेच सगळीकडे बदलेल! हीच तर गंमत आहे!"

त्याने सामाईक फाइल उघडली आणि इब्तिसामला शोभेल असा मजकूर लिहिला: 'शांत, लाजाळू, घरकामात तरबेज. कधीही उलट उत्तर नाही. चांगल्या घरी जावं एवढीच आमची इच्छा.'

इब्तिसामने वाचलं, नाक पुसलं आणि मान डोलावली. पण तेवढ्यात दार धाडकन उघडलं. लज़हर होता. तो मोटारींच्या अड्ड्यावरून थेट तावातावाने आत आला.

"नौफल! माझा सौदा झाला होता! माणूस त्या मालवाहू गाडीची किल्ली हातात घेऊन उभा होता! आणि मोबाइल बघून मला विचारतो, ही लाजाळू आहे तर चढाला चढेल का?"

"अरे देवा."

"आणि घराच्या पानावर माझ्या फोटोखाली काय लिहिलंय ते वाचलंस? घरकामात तरबेज! माझ्या बायकोने वाचलं. ती हसून हसून जमिनीवर बसली, मग उठून मला म्हणाली, भांडी घास!"

"तुझ्या स्वतःच्या फोटोखालीही आहे," सौसन नवऱ्याला शांतपणे म्हणाली. "चांगल्या घरी जावं. जा ना."

नौफलचा आता पुरता गोंधळ उडाला. घाबरलेला माणूस जे करतो तेच त्याने केलं. त्याने सामाईक फाइलच पुसून टाकली.

चारही पानं पांढरीफटक पडली. पट्ट्या गेल्या, फोटो गेले, फोन नंबर गेला, गोल कोपरे गेले. जिथे काही वेळापूर्वी सासरचं सगळं वैभव होतं तिथे आता कैरवानच्या बाहेरचं माळरान दिसत होतं. आणि नेमका तेव्हाच फोन वाजला.

सासूबाईंनी तो उचलला. ऐकत राहिल्या. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. फोन ठेवून त्या मटकन चटईवर बसल्या.

"ज़कीया होती. म्हणाली, 'पहिलं वाचलं. दुसरंही वाचलं. आता काहीच दिसत नाही. उद्या येऊन काय ते बोलू.' आणि ठेवला."

इब्तिसाम रडली नाही. ती नौफलच्या शेजारी येऊन बसली आणि अगदी हळू म्हणाली, "भावोजी, मला तो मुलगा आवडतो हो."

त्या एका वाक्याने नौफल भानावर आला. त्याने ढोपरं जवळ घेतली, चहा नाकारला आणि पहिल्यांदाच सावकाश विचार केला. पुसलेली फाइल कचऱ्याच्या डब्यातून परत काढली. मग चौकटीतला मजकूर बाहेर काढून तिथे नुसती मोकळी जागा ठेवली आणि प्रत्येक पानाला सांगितलं, तुझा मजकूर तू आण. चौकट सगळ्यांची, शब्द ज्याचे त्याचे. एवढीशी गोष्ट! संध्याकाळच्या अज़ानच्या आत मोटारींखाली मोटारी आल्या, मकरूदखाली मकरूद, आणि इब्तिसामखाली नुसतं तिचं नाव. जास्त काही लिहायची हिंमत आता कुणातच उरली नव्हती.

शुक्रवारी दुपारी मंडळी आली. पादत्राणं दाराशी काढून सगळे गालिच्यावर बसले. मेहरेज़ मान खाली घालून बसला, त्याचे वडील सी तय्यब भिंतीला टेकले. चिलगोजे घातलेला पुदिन्याचा चहा आला, मकरूद आले. ज़कीयाबाईंनी कशालाही हात लावला नाही.

"वेबसाइट कुणी केली?" त्यांनी विचारलं.

सगळ्या घराने नौफलकडे बोट दाखवलं. इतकं एकमत त्या घरात पूर्वी कधी झालं नव्हतं.

"बाई, ती चूक..." नौफलने सुरुवात केली.

"मला बोलू दे. मुलासाठी मी बरीच घरं बघितली. जिथे जावं तिथे एकच, आमची मुलगी शांत, आमची मुलगी लाजाळू. तुमच्या पानावर पहिल्यांदा वाचलं, सुरू व्हायला वेळ लागतो, आवाज मोठा, पण लांबच्या पल्ल्याला दणकट. मी ह्यांना म्हटलं, अहो, कुणीतरी खरं बोलणारी माणसं भेटली! मुलगी असावी तर अशी!" त्यांनी एक दीर्घ श्वास घेतला. "आणि थोड्या वेळाने बघते तर, कधीही उलट उत्तर नाही! तेव्हा माझं मन खट्टू झालं. म्हटलं, हीही माणसं इतरांसारखी खोटं बोलायला लागली. आता मुलीनेच सांगावं. त्यातलं खरं कुठलं?"

इब्तिसामने आईकडे बघितलं, नौफलकडे बघितलं, मग सरळ ज़कीयाबाईंच्या डोळ्यांत बघत म्हणाली, "पहिलं. फक्त तो रंग लग्नाच्या दिवशीच लावीन."

ज़कीयाबाई हसल्या. असं मोकळं हसताना त्यांच्या नवऱ्यानेही त्यांना फार दिवसांत बघितलं नसावं, कारण तो दचकला.

तेव्हा मेहरेज़ने पहिल्यांदा तोंड उघडलं. "माझी एक अट आहे," तो म्हणाला. "ते आठ दिवसांत परत आहे ना, तेवढं काढा. मी परत करणार नाही."

मग काय! बायकांनी जिभा नाचवून असा आनंदाचा गजर केला की कबुतरं उडाली. हात उघडून फातिहाची प्रार्थना म्हटली गेली. सासूबाई आपल्या मुळीच मोठ्या नसलेल्या आवाजात गायल्या. लज़हरने नौफलला मिठी मारली. ज़कीयाबाईंनी मकरूद खाल्ला, आणखी एक खाल्ला आणि उरलेले पदरात... म्हणजे पिशवीत घेतले.

आणि नौफल? नौफल हवेत तरंगत होता. मंडळी निघाली तशी तो सगळ्यांच्या पुढे धावत गाडीपर्यंत गेला, दार उघडून धरलं आणि तिथेच मेहरेज़ला आपलं नवं तत्त्वज्ञान ऐकवू लागला.

"सगळं ह्यातच आहे, मेहरेज़! सामाईक काय आणि ज्याचं त्याचं काय, हा फरक ज्याला कळला त्याला जग कळलं! लोकांना हेच कळत नाही! मला कळलंय! ह्यापुढे माझ्या हातून ही चूक होणे नाही!"

"भावोजी," मेहरेज़ संकोचून म्हणाला, "जरा बाबांना..."

सी तय्यब दाराच्या पायरीवर मोज्यांत उभे होते. ते खाली बघत होते, डावीकडे बघत होते, उजवीकडे बघत होते. मग त्यांची नजर हळूहळू रस्ता ओलांडत गाडीपर्यंत आली आणि नौफलच्या पायांवर थांबली.

"तसे सैल होताहेत तुला," ते म्हणाले. "पण आवडले असतील तर राहू देत."